यंदा कुंड नाही

ऑक्टोबर सरत आला, डोंगरातली मेपलची पानं लाल व्हायला लागली, की चिझुरू, इत्सुको आणि तोमोए या तिघी घराबाहेर पडत. शाळेत व्हॉलीबॉलच्या संघात होत्या तेव्हापासूनची ही रीत. मध्ये लग्नं झाली, मुलं झाली, तोमोएचा नवरा गेला, इत्सुकोचे गुडघे कुरकुरायला लागले, पण सहल चुकली नाही. दोन दिवस डोंगरात हिंडायचं, पानं बघायची, पोटभर खायचं आणि संध्याकाळी गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत डुंबून बसायचं. खरं सांगायचं तर पानं हे निमित्तच. त्या मुलखातल्या बायका डोंगरात जातात त्या कुंडासाठी आणि कुंडात बसून होणाऱ्या गप्पांसाठी. अंगावर कपडे नसले की बोलण्यावरही फारसे उरत नाहीत, असं तोमोए म्हणायची.

चिझुरू मात्र तीन वर्षं मैत्रिणींसोबत त्या पाण्यात उतरली नव्हती. साडेतीन वर्षांपूर्वी वसंतात तिचा डावा स्तन काढावा लागला. जीव वाचला, पण ही गोष्ट तिने मैत्रिणींना सांगितली नाही. आपलं दुखणं दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवू नये, असं तिच्या आईने शिकवलं होतं, आणि आईचं शिकवणं पासष्टाव्या वर्षीही सुटत नाही. त्या शरदात तिने सर्दी झाली म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी पोट बिघडलं. गेल्या वर्षी कारण सुचेना, तेव्हा ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणून खोलीतच बसली, आणि पहाटे चारला, सगळी सराय झोपेत असताना, एकटी जाऊन पाच मिनिटांत अंग बुचकळून आली.

नवरा कुनिहिको भला माणूस. रोज जेवण झालं की ‘औषध घेतलंस का’ म्हणून न चुकता विचारायचा, आणि ती कपडे बदलायला लागली की वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचा. तिला अवघडायला होऊ नये म्हणूनच धरायचा, हे तिला कळत होतं. पण साडेतीन वर्षं त्या वर्तमानपत्राची मागची बाजू वाचून ती कंटाळली होती. यंदाच्या उन्हाळ्यात एक दिवस तिच्या लक्षात आलं की आपण आपल्याच घरात चोरासारखे लपून कपडे घालतो. त्या दिवशी तिने ठरवलं, या शरदात मैत्रिणींसोबत पाण्यात उतरायचं. सांगायचं काही नाही, नुसतं उतरायचं. त्यांना दिसेल ते दिसू दे.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. कुंडात उतरताना हातात असतो तो एक छोटा पंचा, आणि तो पाण्यात बुडवायचा नसतो. घडी करून डोक्यावर ठेवायचा असतो. हा नियम तिथलं शेंबडं पोरही मोडत नाही. म्हणजे काठापर्यंत लपवता येतं, पुढे नाही. चिझुरूने सप्टेंबरभर आरशासमोर उभं राहून पंचा छातीवरून डोक्यावर नेण्याचा सराव केला. पहिल्यांदा हात अर्ध्यावरच थांबला. महिना संपता संपता तो नीट वर जाऊ लागला.

सहलीचा सगळा बेत इत्सुको आखायची. ती शाळेची मुख्याध्यापिका होती आणि निवृत्त झाल्यावर तिच्या हाताखाली या दोघीच उरल्या होत्या. तिने पाठवलेल्या कागदावर गाड्यांच्या वेळा, चालायची वाट, लघवीला थांबायच्या जागा, सगळं होतं. शेवटी लिहिलं होतं, ‘चार वाजता कारेसावा गावी मुक्काम.’ चिझुरूने अधिक विचारलं नाही. त्या डोंगरात मुक्काम म्हटलं की कुंड आलंच.

डोंगरातली गाडी एकाच डब्याची. तोमोए सेंदाईहून आली ती मांडीवर एक मोठा डबा घेऊन.

“काय आहे गं त्यात?” इत्सुकोने विचारलं.

“डुकराचं मटण आणि मिसोचं खारं वाटण. नदीवर अळकुड्यांचं कालवण करायचंय ना?”

“कालवणात गाईचं मटण आणि सोया सॉस पडतं. तुझा जन्म यामागाताचा आहे, तोमोए. जरा तरी लाज बाळग.”

“जन्म यामागाताचा, पण चाळीस वर्षं सेंदाईत चूल फुंकलीय मी. जीभ सासरची झाली माझी.”

“नवरा गेला, आता तरी परत ये की माहेरच्या चवीवर.”

“तो गेला म्हणून काय त्याचं कालवणही त्याच्याबरोबर पाठवू म्हणतेस?” तोमोए म्हणाली आणि दोघी हसल्या. अशा बोलण्यावर हसायला पन्नास वर्षांची मैत्री लागते.

चिझुरू खिडकीला टेकून बसली होती. गाडी घाटात शिरली आणि चालकाने वेग कमी केला. पानं नीट दिसावीत म्हणून तिथे तो दर शरदात करतो. खाली दरी होती, आणि दरी होती म्हणण्यापेक्षा धुकं होतं. त्या धुक्यातून कुठे एक लाल फांदी वर यायची, कुठे पिवळा पुंजका, आणि परत बुडायचा. डब्यात कुणी बोलेना. चिझुरूला वाटलं, गाडी चालत नाहीये, आपणच जागच्या जागी तरंगतोय आणि झाडं एकेक करून आपल्याला बघायला येताहेत. त्या बघण्याचं तिला काही वाटलं नाही. झाडांना सगळं दिसलं तर दिसलं.

गाडीतून उतरून त्या दरीतल्या पायवाटेने चालल्या. वाट ओली, पानांनी मऊ झालेली. पुढे इत्सुको, मध्ये तोमोए, मागे चिझुरू. धुकं इतकं दाट की पुढच्या दोघी दिसायच्या, विरायच्या, परत दिसायच्या. धुक्यात माणसाचं वय दिसत नाही, नुसती चालण्याची ढब दिसते. इत्सुकोची ती ताठ मान, तोमोएचं डुलत चालणं, अगदी सोळाव्या वर्षीचं. खेळ संपल्यावर तिघी अशाच गल्लीतून गावच्या सार्वजनिक न्हाणीघराकडे जायच्या, घामेजलेल्या, एकमेकींना शिव्या देत. चिझुरूला मध्येच खात्री वाटायला लागली की पन्नास वर्षं झालीच नाहीत, वळणापलीकडे तेच न्हाणीघर असेल. वळण आलं आणि लाकडी पूल लागला. पुलाखालचं पाणी हिरवं होतं आणि त्यावरून पानं एका मागोमाग एक निघाली होती.

“आज संध्याकाळी,” चिझुरू मनात म्हणाली.

दुपारी नदीकाठी दगडांची चूल मांडून अळकुड्यांचं कालवण झालं. भांडं आणि लाकडं तिथल्या दुकानातून भाड्याने मिळतात. इत्सुको आणि तोमोएचं कशावरच एकमत होईना, म्हणून शेवटी दोन भांडी आणली, दोन चुली पेटवल्या आणि चिझुरूला पंच केलं. ती दोन्हीकडचं खात राहिली आणि निकाल देईना. तोमोएने सोबत जांभळ्या शेवंतीच्या पाकळ्या आंबट शिरक्यात घालून आणल्या होत्या. त्या दाताखाली कुरकुरायच्या. ऊन आलं, धुकं वर गेलं, आणि समोरचा सगळा डोंगर एकदम रंगीत होऊन उभा राहिला. लाल चतुर त्यांच्या बुटांवर येऊन बसू लागले. तिघींनाही पेंग आली.

“इथेच मेलं तरी चालेल,” तोमोए म्हणाली.

“भांडी परत करायचीत आधी,” इत्सुको म्हणाली.

चारला पाच मिनिटं असताना त्या कारेसावाला पोचल्या. गाव म्हणजे वीस-पंचवीस घरं, छपरांखाली दोऱ्यांनी टांगलेली सोललेली पर्सिमनची फळं, आणि नदीच्या अलीकडे नवीकोरी छोटी सराय. शहर सोडून परत आलेलं एक तरुण जोडपं ती चालवत होतं. मालकीणबाई वाकून सामोरी आली, चपला दिल्या, तिघींना तीन खोल्या दाखवल्या. प्रत्येक खोलीला आपापली बंद न्हाणी, आत एकाच माणसाला पुरेल असा पांढरा टब.

चिझुरूने सामान ठेवलं आणि पंचा काढून हातात घेतला. आत्ताच जावं, धीर आहे तोवर. ती बाहेर आली.

“कुंड कुठल्या बाजूला आहे?” तिने मालकीणबाईला विचारलं.

“आमच्याकडे कुंड नाही हो,” ती बिचारी ओशाळून म्हणाली. “तुमच्या मैत्रिणीला ठाऊक आहे की. त्यांनी फोनवर दोनदा विचारून खात्री करून घेतली, कुंड नक्की नाही ना म्हणून. आम्हालाच नवल वाटलं. कुंड नाही म्हणून फोन ठेवणारे खूप भेटतात, नाही म्हणून खोली घेणाऱ्या त्या पहिल्याच.”

इत्सुको आणि तोमोए दोघी मागेच उभ्या होत्या. इत्सुकोची मान नेहमीपेक्षा ताठ झाली.

“हो, मीच म्हटलं,” ती म्हणाली. “माझ्या कातडीला पुरळ येतं हल्ली. गंधकाचं पाणी चालत नाही.”

त्याच क्षणी तोमोए म्हणाली, “मीच सांगितलं होतं तिला. डॉक्टरांनी मला बंदी केलीय. रक्तदाब.”

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. तोमोए लगेच म्हणाली, “म्हणजे पुरळही आणि रक्तदाबही,” आणि एवढं बोलून ती छपराकडे बघत राहिली.

चिझुरू ‘बरं’ म्हणाली आणि खोलीत गेली. दार लावून खाली बसली. तिला सगळं कळलं. त्या लोकांत दुसऱ्याच्या मनातलं न विचारता ओळखणं हा मोठा गुण समजतात, पोराला चालता येण्याआधी तो शिकवतात, आणि या दोघी त्यात चांगल्या तरबेज होत्या. तोमोए, जी भर हिवाळ्यात बर्फ पडताना उघड्या कुंडात बसून भाताची गोड दारू प्यायची, तिने कुंड सोडलं होतं. इत्सुकोने त्या सगळ्या डोंगरातून कुंड नसलेली एकमेव सराय धुंडाळून काढली होती. आपल्यासाठी.

आणि आपलं दुखणं या दोघींना ठाऊक होतं ते कधीपासून? तिला गेल्या वर्षीची पहाट आठवली. ती न्हाऊन परत आली तेव्हा दोघी गाद्यांवर डोळे मिटून पडल्या होत्या. तोमोए घोरत नव्हती. झोपेत न घोरणारी तोमोए पन्नास वर्षांत कुणी पाहिली नव्हती.

आधी तिला संताप आला. मग लाज वाटली. तिघी मिळून तीन वर्षं अळीमिळी गुपचिळी खेळत होत्या, आणि समोरच्याही खेळताहेत हे तिला एकटीलाच माहीत नव्हतं. मग या दोघींबद्दल इतकी माया दाटून आली की तिला रडू कोसळलं, आणि रडता रडता परत संताप आला, कारण सप्टेंबरभर केलेला सराव वाया चालला होता. आणखी एक वर्ष असंच जाईल. पुढच्या वर्षी आणखी लांबची, आणखी कोरडी सराय. सगळे तिला सांभाळून घेतील आणि कुणीच तिच्याकडे बघणार नाही. कुनिहिकोच्या एका वर्तमानपत्राची आता तीन वर्तमानपत्रं झाली होती.

तिने तोंड धुतलं आणि इत्सुकोचं दार वाजवलं. दोघी आतच होत्या, चहा समोर ठेवून बसलेल्या.

“माझा डावा स्तन काढलाय,” चिझुरू उभ्यानेच म्हणाली. “साडेतीन वर्षं झाली.”

कुणी आश्चर्य दाखवलं नाही. तेवढा ढोंगीपणा त्यांनी केला नाही, हे बरं झालं.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

इत्सुकोने पेला फिरवून ठेवला. “कुनिहिकोंनी. तू इस्पितळात होतीस आणि मी लोणचं द्यायला आले होते. मला ठाऊकच असेल असं समजून ते दारातच बोलून गेले. मग घाबरले. कमरेत वाकून म्हणाले, मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका.”

“म्हणजे त्याला माहीत होतं, तुला माहीत आहे ते.”

“हो.”

“आणि तुला माहीत होतं म्हणून तोमोएला.”

“मला हिने फोनवर सांगितलं,” तोमोए म्हणाली. “आम्ही ठरवलं, ती सांगेल तेव्हा ऐकायचं. तोवर तोंडात मूग धरून बसायचं. चिझू, खरं सांगते, माझं तोंड मुगाचं नाही गं. फार जड गेलं मला.”

“यंदा मी तुमच्याबरोबर उतरणार होते,” चिझुरू म्हणाली. “महिनाभर आरशासमोर उभी राहून तयारी केली. आणि तुम्ही मला या खोक्यात आणून टाकलंत.”

मग इत्सुकोने, जिने आयुष्यात स्वतःच्या बेतात चूक झाल्याचं कधी मान्य केलं नव्हतं, आपला तो कागद काढला, उलटासुलटा बघितला आणि म्हणाली, “चुकलं माझं.”

मालकीणबाईला विचारल्यावर कळलं की पुलापलीकडे गावाची सार्वजनिक न्हाणी आहे. गरम झऱ्याचंच पाणी. “पण पाहुणे जात नाहीत तिथे. पाणी फार कढत असतं आणि आज्या फार फटकळ.”

“फटकळपणाची सवय आहे आम्हाला,” तोमोए इत्सुकोकडे बघून म्हणाली आणि पंचे गोळा करायला लागली. तिचा रक्तदाब तेवढ्यात बरा झाला होता.

अंधारून यायला लागलं होतं. नदीवर परत धुकं उतरलं होतं आणि त्यात न्हाणीची वाफ मिसळत होती. एक कुठे संपते आणि दुसरं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. लाकडाची बुटकी इमारत, आत एकच दिवा. सगळं पिवळसर, ओलं, अर्धवट दिसणारं. कपडे ठेवायच्या जागी तिघी पाठमोऱ्या उभ्या राहून कपडे उतरवू लागल्या. चिझुरूने शेवटची गुंडी काढली. तिने पंचा छातीशी धरला आणि आतलं दार सरकवलं.

पाण्यात दोन म्हाताऱ्या होत्या. एकीने मान वळवून तिच्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत.

“दार लाव गं,” म्हातारी म्हणाली. “वारा येतो.”

चिझुरूने दार लावलं. मग तिघींनी बुटक्या स्टुलांवर बसून अंग धुतलं, आणि धुताना दोघी आपापल्या नळाकडे बघत होत्या. काठाशी आल्यावर चिझुरूने पंचा छातीवरून काढला, घडी केली आणि डोक्यावर ठेवला. हात मध्ये कुठेही थांबला नाही. ती पाण्यात उतरली. पाणी खरंच कढत होतं, पायापासून वर मुंग्या चढल्या आणि तोंडातून आपोआप ‘हाऽऽ’ निघालं. मागोमाग दोघी उतरल्या. वाफेत तीन डोकी, तीन पंचे.

तोमोए चिझुरूकडे सरळ बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते घामाचं आहे असं म्हणायची सोय होती, पण तिने म्हटलं नाही. इत्सुको समोरच्या भिंतीकडे बघत होती.

“इत्सुको, बघ ना गं,” चिझुरू म्हणाली.

“बघतेय की.”

“भिंतीकडे बघतेयस. भिंतीला काय झालंय? मला बघायला आणलंय तुला इथे.”

इत्सुको वळली. चिझुरू छाती पाण्याबाहेर येईल इतकी वर सरकली. काखेपासून छातीच्या मध्यापर्यंत गेलेली ती फिकट रेघ पाण्याने गुलाबी झाली होती. इत्सुकोने ती पुस्तकातली ओळ वाचावी तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघितली. घाई केली नाही. तिची ताठ मान हळूहळू खाली आली.

“दुखतं का गं?” तिने विचारलं.

साडेतीन वर्षांत चिझुरूला हे कुणी असं विचारलं नव्हतं. डॉक्टर आकड्यांत विचारत, एक ते दहा. कुनिहिको औषधाचं विचारी.

“दुखतं,” ती म्हणाली. “थंडी पडायला लागली की ओढल्यासारखं होतं. कुशीवर वळताना दुखतं. आणि जे नाहीये तेही कधी कधी दुखतं, ते कुणाला सांगायचं कळत नाही.”

“आम्हाला सांग,” तोमोए म्हणाली.

मग ती सांगायला लागली. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळपासून सगळं. इस्पितळाच्या खिडकीतून दिसणारं प्लमचं झाड, शेजारच्या खाटेवरची बाई, घरी परतल्यावरची पहिली अंघोळ, कुनिहिकोचं वर्तमानपत्र. त्या वर्तमानपत्राला तिघी हसल्या, आणि हसताना चिझुरू परत रडली. दोघी ऐकत होत्या. त्यांचे चेहरे उकडलेल्या खेकड्यांसारखे लाल झाले होते, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता.

म्हाताऱ्या केव्हाच बाहेर पडल्या होत्या. फटकळ म्हातारी कपडे घालून दारातून परत डोकावली.

“पोरींनो, बाहेर या आता. भोवळ येऊन पडाल.”

“येतो हं, आजी,” इत्सुको म्हणाली, पण जागची हलली नाही. “हं, मग पुढे?” तिने चिझुरूला विचारलं.